शेरेबुकातली माझी सही

आधी चूक सांगतो, मग प्रवास. एरवी प्रवास सांगणारा माणूस निसर्गापासून सुरुवात करतो. निसर्ग मीही पाहिला, आणि त्याबद्दल लिहिणारही आहे. पण खाडीकाठच्या एका लहानशा शाळेच्या शेरेबुकात, म्हणजे तपासणीच्या वहीत, मी एक सही केली. ती करण्याचा मला अधिकार नव्हता. ज्याचा होता तो माणूस त्या वेळी शाळेच्या मागे माझी चप्पल धूत होता. हे लपवून बाकीचं सांगितलं तर वाचकांची फसवणूक होईल.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी ठाण्याला शाळाखात्याच्या कचेरीत कारकून होतो. वय सेहेचाळीस. अक्षर चांगलं, प्रकृती बरी, रंग गोरा, डोळे घारे. हे शेवटचे दोन तपशील मी पूर्वी कधी लिहिले नसते. ते लिहिण्यासारखे आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या पौषात आमच्याकडे नवे शाळातपासनीस आले. खेड्यापाड्यांतले लोक त्यांना 'दिपोटी' म्हणतात. यांचं नाव म्हात्रे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आगरी समाजातले, काळेसावळे, रुंद हाडाचे आणि बोलायला अतिशय मऊ. ती जागा मला मिळेल अशी मी पाच वर्षं वाट पाहिली होती. त्यांची परीक्षा माझ्याहून वरची होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. तरी मनात कुठेतरी कुरकुर होती, हेही सांगून टाकतो.

बाळकुम

पहिल्या फिरतीचा पहिला मुक्काम बाळकुम. ठाण्याहून टांग्याने गेलो. भातं झोडून झाली होती, शेतात पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या आणि पलीकडे खाडीचं पाणी शिशासारखं दिसत होतं. शाळेच्या दारात हेडमास्तर झेंडूचा हार घेऊन उभे होते. टांग्यातून आधी मी उतरलो, मागून साहेब. हार सरळ माझ्या गळ्यात.

"अहो, साहेब हे!" मी ओरडलो आणि हार काढून म्हात्र्यांच्या गळ्यात घातला. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलं खिदळली. म्हात्रेही हसले.

परत टांग्यात बसल्यावर ते म्हणाले, "दामले, उद्यापासून तुम्ही माझ्या मागून चला बघू. नाहीतर हारांना तुमची सवय लागेल."

मी खूप हसलो. घरी जाऊन बायकोला ही गंमत सांगितली, तीही हसली. ती गंमत म्हात्र्यांना नवी नव्हती हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कल्याण

दुसऱ्या दिवशी कल्याण. म्हात्र्यांचं घर तिथलंच, आई आणि ते. मी माझ्या आतेभावाकडे उतरलो. सकाळी दोन शाळा तपासून आम्ही बाजारपेठेत आलो. भाताच्या गिरण्यांचा कोंडा हवेत उडत होता. बैलगाड्यांच्या रांगेतून वाट काढता काढता माझ्या काळ्या टोपीवर पिवळी धूळ बसली. एका खानावळीत शिरलो. वाढप्याने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, बाक पुसला आणि विचारलं, "साहेबांना ताट?" मग म्हात्र्यांकडे वळून, "तू तिकडं बस. तुझं मागाहून."

"आम्ही बरोबर आहोत," मी म्हणालो. तो चपापला आणि दुसरा पेला घेऊन आला.

वालाचं बिरडं छान होतं, किंचित गोडसर, खोबरं सढळ हाताने घातलेलं. आमच्याकडे इतकं खोबरं फक्त सणाला. म्हात्रे शांतपणे जेवत होते. मध्येच मनगट पुढे करून म्हणाले, "हे घड्याळ पाहिलंत? पहिल्या बढतीला घेतलं. म्हटलं, आता तरी लोक मला साहेब समजतील."

"मग?"

"आता लोक मला वेळ विचारतात. एवढाच फरक."

दुपारी दुर्गाडीच्या बाजूला फिरायला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी होड्या लागलेल्या होत्या. तिथे उभे राहून त्यांनी खाडीच्या उताराकडे बोट दाखवलं. "उद्याची शाळा आहे ना, तिथे मी पहिली-दुसरी शिकलो. वडील वारले तेव्हा आई मला घेऊन इथे आली, गिरणीत भात पाखडायला. त्यानंतर गेलोच नाही."

"कुणी ओळखतील?"

"कोण राहिलं असेल?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "दुसरीत असताना दिपोटी आले होते. मी धडा वाचून दाखवला. त्यांनी शेरेबुकात काहीतरी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, 'दुसरीतील एक मुलगा स्पष्ट वाचतो.' नाव नव्हतं घातलं. पण तो मी. ते जुनं बुक सापडलं तर पाहायचंय. आणि नव्यात मी लिहीन."

हे सांगताना त्यांचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा झाला होता. म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत असून पुढचं घडलं.

खाडीकाठी

गावाचं नाव लिहीत नाही, गावाचा दोष नाही. डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी ते आहे. कल्याणहून होडीने निघालो. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी दाटी, तिच्या मुळांवर बगळे. पुढे मिठाची आगरं लागली. चौकोनी वाफ्यांत आभाळ पडलेलं आणि बांधावर मिठाच्या पांढऱ्या राशी. कासोटे घातलेल्या बायका डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन एकीमागे एक चालत होत्या. आमच्या घरी मीठ वाण्याच्या पुडीतून येतं. ते कुणाच्या मानेवरून येतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

ओहोटी लागली होती. होडी काठापर्यंत जाईना. नावाडी म्हणाला, "उतरा, गुडघाभर चिखल हाय." मी धोतर वर खोचून उतरलो. चपला हातात घ्यायच्या हे मला सुचलं नाही. चौथ्या पावलाला उजवी चप्पल आत राहिली आणि पाय तेवढा वर आला. मी तोल जाऊन बसलोच असतो, म्हात्र्यांनी काखेत हात घालून धरलं. माझ्या खांद्यावरचं दप्तरही त्यांनीच घेतलं, आपला कोट काढून त्यावर टाकला.

"तुम्ही पुढे व्हा, दामले. बांधाबांधाने जा. चप्पल मी काढतो. हा चिखल माझ्या ओळखीचा आहे."

मी पुढे झालो. डबक्यात पाय धुतले, कोट झटकला, टोपी नीट केली आणि एका पायात चप्पल कशी दिसेल म्हणून उरलेलीही काढून शाळेपाशी टाकली.

शाळा देवळाच्या ओसरीवर भरत असे. एकच गुरुजी, तरुण, नुकतेच नोकरीला लागलेले. मला पाहताच मुलं उभी राहिली आणि स्वागताचं पद म्हणू लागली. हार तयारच होता, कण्हेरीच्या फुलांचा. तो गळ्यात पडला. मी म्हणणार होतो, "साहेब मागून येताहेत." मुलांचं पद चालू होतं, मध्ये कसं बोलायचं? पद संपलं तेव्हा गुरुजींनी मला गावातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं. ती बहुधा पाटलांकडून आणलेली असावी. मी बसलो. बरं वाटलं. पाच वर्षं ज्या खुर्चीची वाट पाहिली ती ही अशी असते, असं मनात आलं.

थोड्या वेळाने म्हात्रे दारात आले. मांड्यांपर्यंत चिखल, एका खांद्यावर दप्तर, हातात माझी चप्पल.

गुरुजींनी वळून पाहिलं. "अरे, तसाच वर येऊ नको. मागे रांजण आहे, पाय धू. आणि तिथंच बस, साहेबांचं काम चाललंय."

म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रस्ता ओलांडताना आपण बरोबरच्या माणसाकडे पाहतो, तसं. तो एक क्षण माझ्या बोलण्यासाठी होता. गुरुजींची मुलांसमोर फजिती होईल, आता उशीर झाला, मागाहून सांगू, असं काय काय माझ्या मनात आलं. ती सगळी कारणं मी नंतर तपासून पाहिली. एकही खरं नव्हतं.

ते वळले आणि मागे गेले.

मी मुलांची तपासणी केली. पाढे विचारले, धडे वाचून घेतले. मुलं खरंच चांगली वाचत होती. गुरुजींनी शेरेबुक आणि टाक पुढे ठेवला. कचेरीचा रिवाज असा, की साहेब तोंडाने सांगणार, माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहिणार आणि खाली सही साहेबांची. शेरा मी लिहिला. 'मुलांचे वाचन स्पष्ट आहे.' सहीची जागा आली. हात थांबला नाही, माझीच सही केली.

सही करून मी मागच्या बाजूला गेलो. रांजणापाशी एक म्हातारी घागर रिकामी करत होती. तिचं नाव चांगूबाई, हे मला नंतर कळलं. शाळेचं पाणी ती भरत असे. म्हात्रे दगडावर बसून चप्पल धूत होते आणि ती त्यांना निरखत होती.

"अरे मेल्या, तू भागीचा बाल्या नं?"

"हाव, आत्या. तोच."

"कवरा मोठा झायलास रं!" तिने घागर टाकली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. "भागी हाय नं? आन तू दिपोटीचा पट्टेवाला झायलास? बरा झाला, बाबा. आयशीचे पांग फेरलेस. सायबाच्या वहाना धुतोस? धू. लाजू नको. सरकारी नोकरी हाय."

म्हात्रे खाली मान घालून हसले.

मग तिला मी दिसलो, गळ्यात हार घातलेला. तिने लगबगीने पदर सावरला आणि वाकून हात जोडले. "सायेब, याला सांभालून घ्या. बापाविना वाढलाय. पोर गुनाचा हाय."

मी म्हणालो, "हो, हो."

सहीपेक्षाही ते 'हो, हो' मला अजून जास्त टोचतं.

जेवण आत झालं, गुरुजींच्या खोलीत. माझ्यासाठी मुद्दाम मासळी न घालता केलेलं वांगं आणि तांदळाची भाकरी. मला पाट दिला, समोर रांगोळी काढली. बाहेर चांगूबाईच्या पडवीत म्हात्रे तिच्याबरोबर जेवत होते. भाजलेल्या जवळ्याचा वास येत होता. एकदा ते मोठ्याने हसले. फिरतीच्या तीन दिवसांत असं मोकळं हसणं मी ऐकलं नव्हतं. हातातला घास तोंडात गेला, पण चव लागली नाही.

परतीच्या होडीत बसलो. भरती आली होती, वल्ह्यांचा आवाज तेवढा येत होता. शेवटी मीच म्हणालो, "तुम्ही का नाही बोललात, साहेब?" काय प्रश्न होता पाहा. माझं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवायला निघालो होतो.

ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "मी प्रत्येक दारात मी कोण ते आधी सांगतो, दामले. कचेरीत, खानावळीत, गाडीत. सांगायचं, मग समोरच्याने ओशाळायचं, मग मी म्हणायचं, असू दे. वाटलं होतं, त्या एका गावात तरी सांगायला लागणार नाही." मग थोड्या वेळाने, "शेरा काय लिहिलात?"

मी सांगितलं.

"बरोबर लिहिलंत. मीही तेच लिहिलं असतं." आणि मग, "जुनं बुक पाहायचं राहिलं."

त्यांनी वर कळवलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत नेहमीसारखं "काय दामले, पाय मुरगळला नव्हता ना?" म्हणून विचारलं.

ठाणे

प्रवास संपला असं म्हणायला हरकत नव्हती. पण त्यानंतरचे पंधरा दिवस मी माझ्याच गावात परक्यासारखा हिंडलो. पोस्टात गेलो तर खिडकीतला माणूस पुढच्या दोघांना बाजूला सारून म्हणाला, "या काका, काय हवंय?" ते दोघे डोक्यावर पाट्या घेऊन आलेले होते. मंडईत भाजीवालीने मला न विचारता ताजी जुडी काढून दिली. बँकेतल्या शिपायाने दार उघडून धरलं. यातलं काहीच नवं नव्हतं. सेहेचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि मी समजत होतो की लोक सभ्य आहेत, आणि मीही आहे. कुठलंही दार उघडण्यासाठी मी काही केलं नव्हतं. जन्माला येताना एक कातडी घेऊन आलो आणि एक आडनाव, बस्स. म्हात्रे त्याच दारांतून कष्टाने जात होते आणि आत गेल्यावर माझ्यासाठी दार धरून उभे राहत होते.

बायको म्हणाली, "तुमचं जेवणात लक्ष नाही." मी तिला सगळं सांगितलं. बाळकुमचा हार ऐकून हसलेली ती, या वेळी हसली नाही. "मग इथे माझ्यापुढे काय बसलात?" ती म्हणाली. "जा की तिकडे."

पुन्हा तेच गाव

रजा टाकून एका शनिवारी निघालो. या खेपेला चपला आधीच हातात घेतल्या. शाळेपाशी पोहोचलो तर मुलं पुन्हा उभी राहिली, गुरुजींनी खुर्चीसाठी कुणाला तरी पिटाळायला सुरुवात केली. मी म्हणालो, "खुर्ची नको. मी दिपोटी नाही. मी कारकून आहे."

गुरुजींना समजेना. मी मुलांसमोरच सांगितलं. त्या दिवशी चिखलाने भरलेले जे गृहस्थ दारात आले ते साहेब. आणि याच शाळेत ते पहिली-दुसरी शिकले. त्यांना आत घ्यायचं सोडून मी गप्प बसलो.

गुरुजी मटकन ओसरीच्या कडेला बसले. "मी त्यांना मागे पाठवलं हो! मी विचारलंसुद्धा नाही. तुम्हाला पाहिलं आणि हात आपोआप जोडले गेले."

"माझंही तसंच," मी म्हणालो. "सगळं आपोआप झालं."

शेरेबुकात माझ्या शेऱ्याखाली मी लिहिलं, की वरील सही करणारा तपासनीस नाही, त्यांच्या हाताखालचा कारकून आहे; तपासनीस श्री. म्हात्रे त्या दिवशी शाळेत आले असता त्यांना बसायला जागा दिली गेली नाही, आणि याला मी जबाबदार आहे. अक्षर चांगलं आलं नाही.

मग जुनं बुक मागितलं. गुरुजींनी पत्र्याची पेटी उघडली. तळाशी ते होतं, पण वाळवीने पोखरलेलं. पानं हातात घेतली तर भुगा झाला. 'दुसरीतील एक मुलगा' त्यात कुठे होता ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मंग ते सायेब परत येतील का?" मी म्हणालो, "विचारतो."

चांगूबाई पडवीत जाळं विणत बसली होती. तिलाही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, सुई थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली वळवली.

"म्हंजे भागीचा बाल्या दिपोटी?"

"हो."

"आन तुज्या वहाना त्याने धुतल्या?"

"हो."

"मंग तवा तुज्या तोंडान काय व्हता? हार गिलला व्हतास का?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "मी त्याला काय काय बोललू. धू म्हनलू. आन तो हसत व्हता मेला! मना कशाला सांगतोस? मी कोन? त्याला सांगितलास?"

"अजून नाही."

"मंग जा नं!"

मी उठलो तेव्हा ती आत गेली आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. सुकी मासळी. "ही भागीला दे. म्हनावा, चांगूने दिली. बामनाला चालंल नं न्यायला?"

"चालेल," मी म्हणालो.

कल्याणपर्यंत ते गाठोडं मी मांडीवर घेऊन बसलो. होडीतून उतरून टांग्यात बसलो, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्यासारख्याच एका टोपीवाल्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे बघून अंग चोरलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला पाहून सरकून बसलं होतं. मला वाईट वाटलं, असं प्रामाणिकपणे लिहितो. आणि हा वास मी मुक्कामाला पोहोचलो की उतरणार होता, हेही लगेच लक्षात आलं.

कल्याण, त्याच संध्याकाळी

म्हात्र्यांचं घर गिरण्यांच्या मागच्या आळीत. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, तुळस. अंगणात त्यांची आई सुपाने तांदूळ पाखडत होती. मला पाहून ती उठायला लागली. मी घाईने म्हणालो, "बसा, बसा. मी साहेबांच्या कचेरीतला कारकून. दामले."

गाठोडं तिच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी नेलं, आणि मी काही सांगण्याआधीच म्हणाली, "चांगूची?" आणि पदर डोळ्यांना लावला.

आतून म्हात्रे बाहेर आले, बनियनवर, हातात पुस्तक. "अरे दामले! रजेवर ना तुम्ही? या, आत या. आई, खुर्ची—"

"खुर्ची नको," मी म्हणालो. "आईंच्या समोरच सांगायचंय."

त्यांना कळलं. ते हात हलवत म्हणाले, "असू दे हो. झालं ते झालं. चहा घ्या."

मी जागचा हललो नाही. सबंध वाटभर मोठमोठी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक आठवेना. सूप मांडीवर ठेवून त्यांची आई माझ्याकडे पाहत होती. मी टोपी काढून हातात घेतली.

"म्हात्रेसाहेब, त्या दिवशी तुम्ही दारात उभे होतात आणि माझ्याकडे पाहिलंत. ती खुर्ची तुमची आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. मी उठलो नाही. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत मी तुम्हाला पट्टेवाला होऊ दिलं. माझं चुकलं. मला माफ करा."